आधी उलट्या थांबवू, मग डब्यांचं बोलू

पत्राचा सारांश: वाचक कळव्यात राहतात, नोकरी ऐरोलीला. वय ३१. आई ५६ वर्षांची, वजन ५२ किलो. स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं, काखेतल्या तीन ग्रंथींमध्ये कर्करोगाच्या पेशी सापडल्या. रिपोर्टमध्ये हार्मोन रिसेप्टर पॉझिटिव्ह (म्हणजे हार्मोनवर वाढणारा कर्करोग), हर-टू निगेटिव्ह (म्हणजे हर-टू हे प्रथिन जास्त नसलेला). डॉक्टरांनी दर २१ दिवसांनी एक अशा चार केमो (डॉक्सोरुबिसिन आणि सायक्लोफॉस्फमाइड), त्यानंतर दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेलच्या बारा, आणि पुढे काही वर्षं हार्मोनची गोळी असा बेत सांगितला आहे. दोन केमो झाल्या. दुसरीनंतर चार दिवस उलट्या झाल्या, केस गेले, वजन दोन किलो उतरलं. आता आई म्हणते, "मला परत तिथे नेऊ नका." मावशींच्या सोसायटीत एक 'हेल्थ कोच' येतात. त्यांनी तीन महिन्यांचं ३८ हजार रुपयांचं सप्लिमेंटचं पॅकेज दिलं आहे: मिरीच्या अर्कासह हळदीच्या कॅप्सूल, रोज चार ग्रॅम व्हिटॅमिन सी, ग्रीन टी अर्काच्या 'डिटॉक्स' गोळ्या, गुळवेलीचा रस, कडू जर्दाळूच्या बिया, अल्कलाइन थेंब आणि प्रोटीन पावडर. वाचकांचा प्रश्न: तीन महिने केमो थांबवून हे करून पाहावं का? नाहीतर डॉक्टरांना न सांगता दोन्ही एकत्र चालू ठेवावं का? "नैसर्गिकच आहे, अपाय तर होणार नाही ना?"

ताई,

तिसरी केमो पुढच्या गुरुवारी, म्हणजे नऊ दिवसांवर आहे. म्हणून निकडीचं आधी.

तुमची आई "परत नेऊ नका" म्हणते, तेव्हा चार दिवस पाण्याचा घोटही पोटात न टिकलेली बाई बोलते आहे. तिच्या जागी कोणीही हेच म्हणालं असतं. हा त्रास बराचसा टाळता येतो, हे तिला अजून कोणी बसून सांगितलेलं दिसत नाही. डॉक्सोरुबिसिन-सायक्लोफॉस्फमाइड ही जोडी उलट्यांच्या बाबतीत सर्वांत त्रासदायक गटात मोडते, आणि म्हणूनच तिच्यासोबत चार वेगवेगळ्या प्रकारची औषधं द्यायची पद्धत आहे: अ‍ॅप्रेपिटंट किंवा त्याच्या जातीचं एक, ऑन्डॅन्सेट्रॉन किंवा पॅलोनोसेट्रॉन, डेक्सामिथासोन, आणि रात्री ओलान्झॅपिन. आजच फाइल उघडा, डिस्चार्ज कार्ड काढा आणि या चारपैकी काय दिलं होतं आणि त्यातलं खरोखर पोटात काय गेलं, ते तपासा.

गडबड बहुतेक वेळा इथेच होते. अ‍ॅप्रेपिटंटच्या तीन कॅप्सूल असतात, पहिल्या दिवशी १२५ मिलिग्रॅम, दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी ८०. केमोच्या दिवशी सलाइनमधून औषधं गेलेली असतात, म्हणून संध्याकाळी पेशंट बरा दिसतो आणि घरचे म्हणतात, "आता कशाला उगीच गोळी?" उरलेल्या दोन कॅप्सूल पाकिटातच राहतात. या औषधजोडीच्या उलट्या दुसऱ्या ते पाचव्या दिवशी जोर करतात. ओलान्झॅपिनचंही तसंच. केमिस्ट सांगतो की ही मानसिक आजाराची गोळी आहे, आणि घरात ती बाजूला पडते. ती उलटीवर उत्तम चालते. झोप फार येते ही तिची खरी अडचण. पण परळच्या टाटा मेमोरियलमध्ये झालेल्या आणि २०२४ मध्ये लॅन्सेट ऑन्कॉलॉजी या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात १० मिलिग्रॅमऐवजी अडीच मिलिग्रॅमनेही उलट्यांवर तेवढाच ताबा राहिला आणि दिवसाची गुंगी कमी झाली. आईला गुंगीची भीती असेल तर डॉक्टरांना हाच प्रश्न विचारा. डेक्सामिथासोन सकाळी खाऊन घ्यायचं. रात्री घेतलं तर डोळ्याला डोळा लागत नाही. ऑन्डॅन्सेट्रॉनने बद्धकोष्ठ होतो आणि पोट साफ नसलं की मळमळ वाढते, म्हणून सौम्य रेचक आधीच लिहून घ्या.

आणखी एक बारकी गोष्ट. पहिले एक-दोन दिवस लघवी लालसर होते, ती डॉक्सोरुबिसिन या लाल रंगाच्या औषधामुळे. बऱ्याच जणींना ते रक्त वाटतं आणि धास्तीत भर पडते.

हे सगळं करूनही त्रास झालाच तर मार्ग संपत नाहीत. औषधं बदलता येतात, केमोनंतर दुसऱ्या दिवशी डे-केअरमध्ये सलाइन लावता येतं, मात्रा थोडी कमी करता येते, क्रम बदलता येतो. हे निर्णय डॉक्टरांचे, पण त्रास नेमका किती झाला हे त्यांना कळलं तरच ते घेणार. "थोडा त्रास झाला" असं सांगू नका. किती वेळा उलटी, कोणत्या दिवशी, किती पाणी टिकलं, वजन किती उतरलं, हे कागदावर लिहून न्या.

आता तीन महिन्यांबद्दल. "करून पाहू, नाही जमलं तर परत केमो आहेच" या म्हणण्यात एक गृहीत आहे: कर्करोग तोवर थांबून राहील आणि सप्लिमेंटचा गुण आला की नाही ते आपल्याला दिसेल. दोन्हीपैकी काहीच होणार नाही. आईची गाठ ऑपरेशनने निघाली आहे. आता केमो चालली आहे ती स्कॅनमध्येही न दिसणाऱ्या, इकडेतिकडे पोचलेल्या असू शकतील अशा पेशींसाठी. तीन महिन्यांनी स्कॅन केला तर तो स्वच्छच येण्याची शक्यता जास्त, कॅप्सूल घेतल्या तरी आणि नुसतं ताक प्यायलं तरी. त्या स्वच्छ स्कॅनचं श्रेय मग डब्याला जाईल, आणि ज्या काळात त्या पेशी मारता आल्या असत्या तो काळ हातचा जाईल.

कोचनी ज्या बऱ्या झालेल्या बाईंचं उदाहरण दिलं, त्यांच्याबद्दल तीनच गोष्टी विचारा. बायोप्सीचा रिपोर्ट काय होता? ऑपरेशन झालं होतं का? त्याला किती वर्षं झाली? अशा बहुतेक कहाण्यांत ऑपरेशन झालेलं असतं, आणि वर्षं एक-दोनच असतात. हार्मोन पॉझिटिव्ह कर्करोग पाच वर्षांनंतरही परत येऊ शकतो.

आकडे कटू आहेत, पण तुम्ही विचारलं आहे म्हणून लिहायला हवेत. अमेरिकेतल्या राष्ट्रीय कर्करोग नोंदींचा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. आजार शरीरभर पसरलेला नसताना ज्यांनी ऑपरेशन, केमो, रेडिएशन, हार्मोन यांतलं काहीच न घेता फक्त पर्यायी उपाय निवडले, असे २८१ जण त्यात होते. उपचार घेणाऱ्यांच्या तुलनेत त्यांचा मृत्यूचा धोका अडीचपट निघाला. स्तनाच्या कर्करोगात सुमारे साडेपाचपट. तुमच्या आईचं ऑपरेशन झालेलं असल्याने तिची स्थिती त्या बायकांपेक्षा चांगली आहे, आकडा जसाच्या तसा तिला लावू नका. केमो अर्धवट सोडण्याबद्दल दुसरा पुरावा आहे. इटलीतल्या बोनाडोना यांच्या गटाने ऑपरेशननंतर केमो घेतलेल्या बायकांची वीस वर्षं नोंद ठेवली आणि १९९५ मध्ये ती प्रसिद्ध केली. ठरलेल्या मात्रेच्या ८५ टक्के किंवा जास्त औषध ज्यांना मिळालं, त्यांनाच पुरेपूर फायदा झाला होता.

निर्णय शेवटी आईचा आहे. सज्ञान माणसाला केमो नाकारण्याचा अधिकार आहे आणि तिला धरून-बांधून नेऊ नये. पण नकार देण्याआधी तिच्यासमोर नेमकं काय आहे ते तिला कळायला हवं. डॉक्टरांना सरळ विचारा: "केमो पुढे घेतली नाही आणि फक्त हार्मोनची गोळी घेतली, तर दहा वर्षांत आजार परतण्याची शक्यता किती? पूर्ण केमो घेतली तर किती?" डॉक्टर तिच्या वयावर, ग्रंथींच्या संख्येवर आणि गाठीच्या आकारावर अंदाज देऊ शकतात. मनात किंतु राहिलाच तर दुसरं मत घ्या. खारघरचं अ‍ॅक्ट्रेक हे टाटा मेमोरियल सेंटरचंच केंद्र, कळव्याहून परळपेक्षा सोयीचं आहे. प्रवास नको असेल तर नॅशनल कॅन्सर ग्रिडशी (देशातल्या कर्करोग इस्पितळांच्या जाळ्याशी) जोडलेल्या 'नव्या' या सेवेत रिपोर्ट ऑनलाइन पाठवून तज्ज्ञांचं लेखी मत मिळतं. दुसरं मत मागितलं म्हणून चांगले डॉक्टर रागावत नाहीत.

"नैसर्गिक आहे, अपाय होणार नाही." हे वाक्य पत्रात दोनदा आलं आहे, म्हणून त्याच्यावर जरा थांबू. पॅक्लिटॅक्सेल मुळात यू नावाच्या झाडाच्या सालीतून मिळालं. म्हणजे तुमची आई पुढे आठवड्याला एकदा जे औषध घेणार आहे, तेही वनस्पतीचंच. वनस्पतीतला पदार्थ गुण देण्याइतका जोरदार असेल तर तो अपाय करण्याइतकाही असणार. फरक इतकाच की औषधाची मात्रा मोजलेली असते आणि ते कशाबरोबर घेऊ नये हे माहीत असतं.

सगळे डबे टेबलावर काढा आणि लेबल वाचा. एफएसएसएआयचा १४ आकडी क्रमांक दिसेल. पुष्कळांना वाटतं ती सरकारची औषध म्हणून मान्यता आहे. तो खाद्यपदार्थाचा परवाना आहे, पोह्याच्या पाकिटावरही असतो. त्याच लेबलवर बारीक अक्षरात आणखी एक वाक्य असायला हवं, कारण हेल्थ सप्लिमेंटच्या नियमांनी ते सक्तीचं केलं आहे: 'औषधी उपयोगासाठी नाही.' मावशींना भांडण न करता ती ओळ दाखवा. आणि कर्करोग बरा करण्याची जाहिरात करणं हाच औषधे व जादूटोणादी उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा, १९५४ खाली गुन्हा आहे. कोचनी असा दावा व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी पाठवला असेल तर तो जपून ठेवा. अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते.

आता एकेक डबा.

कडू जर्दाळूच्या बिया सर्वांत आधी बाजूला करा, उद्यावर ढकलू नका. 'व्हिटॅमिन बी-१७' या नावाने त्या विकल्या जातात. तसलं कुठलंही व्हिटॅमिन नाही. त्यांतल्या अमिग्डॅलिनपासून शरीरात सायनाइड तयार होतं. १९८२ मध्ये अमेरिकेत १७८ रुग्णांवर त्याची रीतसर चाचणी झाली. कर्करोगावर उपयोग झाला नाही आणि काहींच्या रक्तात सायनाइड धोक्याच्या पातळीजवळ गेलं. वर मोठ्या मात्रेत व्हिटॅमिन सी घेतलं की हा धोका वाढतो, आणि तुमच्या पॅकेजमध्ये दोन्ही आहेत. आईने बिया खाल्ल्या असतील आणि डोकेदुखी, चक्कर, धाप, गोंधळल्यासारखं वाटणं यांतलं काही असेल तर थेट इस्पितळात न्या आणि बिया सोबत घ्या.

हळद, ग्रीन टी अर्क आणि गुळवेल एकत्र बघा, कारण तिघांचा प्रश्न एकच आहे: यकृत. आमटीतली हळद, दुधातली चिमूटभर हळद खुशाल चालू द्या. कॅप्सूलमध्ये मात्र आमटीच्या कित्येक पट कर्क्युमिन (हळदीतला मुख्य घटक) असतं, आणि ते एरवी आतड्यातून फारसं शोषलं जात नाही म्हणून मिरीचा अर्क घालून शोषण मुद्दाम वाढवलेलं असतं. अशा कॅप्सूलने आणि ग्रीन टीच्या घट्ट अर्काने यकृताला सूज आल्याच्या घटना अनेक देशांत नोंदलेल्या आहेत. गुळवेलीबद्दल मुंबईच्या यकृततज्ज्ञांनीच २०२१ मध्ये, करोनाच्या काळात गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली होती. आयुष मंत्रालयाने तिच्यावर आक्षेप घेतला होता, हेही सांगायला हवं. पण आईच्या बाबतीत वादात शिरायची गरज नाही. केमोआधी रक्त तपासतात, त्यात एसजीपीटी आणि बिलिरुबिन हे यकृताची स्थिती दाखवणारे आकडे असतात. ते वाढलेले आले की डॉक्टरांना कळत नाही ते केमोमुळे वाढले की कॅप्सूलमुळे. डॉक्सोरुबिसिन आणि पॅक्लिटॅक्सेल दोन्ही यकृतावाटे निघतात, त्यामुळे मात्रा कमी करावी लागते किंवा केमो पुढे ढकलावी लागते. ज्या कॅप्सूल 'ताकद यावी' म्हणून दिल्या, त्यांच्यामुळेच उपचार लंगडा होतो. मिरीच्या अर्काचं आणखी एक आहे: औषधांचं विघटन करणारी यकृतातली यंत्रणा तो मंदावतो, मग इतर औषधांची रक्तातली पातळी हलते.

व्हिटॅमिन सी. दिवसाला चार ग्रॅम म्हणजे शरीराच्या गरजेच्या साधारण पन्नासपट. कसंही मोजलं तरी अवाढव्य. लायनस पॉलिंग यांच्यासारख्या दोनदा नोबेल मिळालेल्या शास्त्रज्ञाने त्याचा पुरस्कार केला, म्हणून कल्पनेला वजन आलं. मग मेयो क्लिनिकने १९७९ आणि १९८५ मध्ये रोज १० ग्रॅम तोंडावाटे देऊन चाचण्या केल्या आणि फायदा निघाला नाही. केमो चालू असताना व्हिटॅमिन सीसारख्या अँटिऑक्सिडंटची, म्हणजे पेशींना ऑक्सिडेशनच्या माऱ्यापासून वाचवणाऱ्या पदार्थांची, काळजी वेगळीच आहे. डॉक्सोरुबिसिनसारखी औषधं पेशी मारण्यासाठी काही अंशी ऑक्सिडेशनचाच वापर करतात. ढाल मोठी केली तर ती कर्करोगाच्या पेशीलाही मिळते. २०२० मध्ये अमेरिकेतल्या स्तन-कर्करोगाच्या ११३४ रुग्णांचा अभ्यास आला. त्यांना तुमच्या आईला सांगितलेलीच तीन औषधं होती. केमोच्या आधी आणि दरम्यान अँटिऑक्सिडंट घेणाऱ्यांत आजार परतण्याचं प्रमाण जास्त दिसलं, पण फरक पक्का म्हणावा इतका ठळक नव्हता. बी-१२ आणि लोहाच्या गोळ्यांच्या बाबतीत तो ठळक होता. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे, कारण सिद्ध करत नाही. तरीही कमतरता नसताना केमोच्या काळात या गोळ्या घेण्याचं काही कारण उरत नाही. रेडिएशनबाबत पुरावा जास्त मजबूत आहे: कॅनडात डोकं-मानेच्या कर्करोगाच्या ५४० रुग्णांना रेडिएशनसोबत व्हिटॅमिन ई आणि बीटा कॅरोटिन दिलं, तेव्हा तोंडाचा त्रास कमी झाला पण आजार परतण्याचं प्रमाण वाढलं. बरं वाटणं आणि बरं होणं इथे दोन दिशांना गेलं.

अल्कलाइन थेंबांवर फार शब्द नकोत. रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ मध्ये फुप्फुसं आणि मूत्रपिंडं राखतात, थेंबांनी तो हलत नाही. तीच गोष्ट 'साखर बंद केली की गाठ उपाशी मरते' या सल्ल्याची. आईचं वजन उतरत असताना तिचा भात-पोळी तोडू नका.

प्रोटीन पावडर या सगळ्यात कामाची वस्तू असू शकते. डब्यावर आत काय आहे ते पाहा. नुसतं व्हे किंवा दुधाचं प्रोटीन असेल तर ठेवा. त्यात अश्वगंधा, ग्रीन टी, 'इम्युनिटी ब्लेंड' असं मिसळलेलं असेल आणि प्रत्येकाचं वेगळं वजन दिलेलं नसेल तर नको.

आता तुमचा दुसरा पर्याय: दोन्ही एकत्र, गुपचूप. पत्रातली सर्वांत मोठी चिंता हीच वाटते. डॉक्टर ओरडतील ही भीती समजते, ओपीडीत दोन मिनिटं मिळतात, मागे रांग असते. पण न सांगता काही चालू असेल तर रक्तात होणाऱ्या प्रत्येक बदलाचा अर्थ चुकीचा लावला जाईल. प्रत्येक डब्याचे पुढून-मागून फोटो काढा, घेतलेल्या तारखा लिहा आणि एवढंच म्हणा: "आईने गेले इतके दिवस हे घेतलंय. आम्ही आता थांबवलंय. यकृताची तपासणी करून घ्यावी का?" थांबवलंय हे ऐकल्यावर रागवायला कारण उरत नाही. आजपासून सगळं बंद ठेवा. गुरुवारपर्यंतचे दिवस उपयोगी पडतील.

अशीच पत्रं लिहिणाऱ्या इतर घरांसाठी थोडं. पॅक्लिटॅक्सेलने हातापायांना मुंग्या येऊ लागल्या की 'नसांची गोळी' म्हणून अ‍ॅसिटिल एल-कार्निटिन असलेल्या गोळ्या सर्रास घेतल्या जातात. ४०९ बायकांवरच्या चाचणीत रोज तीन ग्रॅम कार्निटिन घेणाऱ्यांच्या मुंग्या २४ आठवड्यांनी उलट जास्त निघाल्या. कॅपेसिटाबिन ही केमोची गोळी घेणाऱ्यांनी फॉलिक अ‍ॅसिड असलेलं मल्टिव्हिटॅमिन स्वतःहून घेऊ नये, त्याने औषधाचा विषारीपणा वाढतो. टॅमॉक्सिफेन या हार्मोनच्या गोळीसोबत मिरीयुक्त कर्क्युमिन घेतल्यास, शरीरात त्या औषधाचं जे रूप प्रत्यक्ष काम करतं त्याची रक्तातली पातळी सुमारे १२ टक्के घसरल्याचं एका छोट्या डच अभ्यासात दिसलं. केस परत यावेत म्हणून बायोटिनच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या घेतल्या तर थायरॉइड आणि इतर काही रक्ततपासण्यांचे आकडे खोटे येऊ शकतात. केस तर केमो संपली की आपणहून येतात. ऑपरेशन ठरलं असेल तर माशाचं तेल, व्हिटॅमिन ई, लसणाच्या कॅप्सूल हे सगळं सर्जनला आधी सांगा, रक्तस्राव वाढू शकतो.

सप्लिमेंट कधीच नको असं नाही. रक्तात ड जीवनसत्त्व कमी निघालं तर ६०,००० युनिटची कॅप्सूल देतात, पण आठवड्यातून एकदा. ती रोज घेतल्याने कॅल्शियम वाढून उलट्या आणि भ्रम होऊन लोक अ‍ॅडमिट होतात. चिठ्ठीवरचा 'आठवड्याला' शब्द नजरेतून सुटतो. पुढे आईला लेट्रोझोलसारखी हार्मोनची गोळी लागली तर हाडांसाठी कॅल्शियम आणि ड लागेल. शाकाहारी माणसात बी-१२ खरंच कमी असतं. नियम एकच: आधी तपासणी, मग मात्रा, आणि किती दिवस ते ठरवून.

आईला आत्ता ज्याची टंचाई आहे ते आहे अन्न. केमोच्या काळात दर किलो वजनामागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं आणि २५ ते ३० कॅलरी लागतात. ५२ किलोला म्हणजे ६२ ते ७८ ग्रॅम प्रथिनं आणि साधारण १३०० ते १५६० कॅलरी. ऐकायला अवघड वाटतं, पण मांडून बघा. दोन अंडी १२ ग्रॅम, २०० मिलिलिटरचे दोन पेले दूध १३, दोन वाट्या घट्ट वरण १२, सुरमईची किंवा हलव्याची ८० ग्रॅमची तुकडी १६, पन्नास ग्रॅम पनीर ९. झाले ६२. पोळी-भाताची वेगळी. मासे-अंडी नको झाली असतील तर ३० ग्रॅम कोरडे सोया चंक्स भिजवून, वाटून वरणात घाला, १५ ग्रॅमच्या आसपास मिळतात. सोया खाण्यात चालतो. सोयाच्या अर्काच्या गोळ्या नकोत.

एका बैठकीत जेवण जाणार नाही. दर दोन तासांनी अर्धी वाटी द्या. मुगाचं कढण, मेतकूट-तूप-मऊ भात, दुधातली नाचणीची खीर, उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक भातात कुस्करून. वास हा मोठा शत्रू आहे: फोडणी देताना तिला दुसऱ्या खोलीत, खिडकीपाशी बसवा आणि पदार्थ कोमट किंवा गार करून वाढा, गरम अन्नाचा वास जास्त येतो. तोंडाला धातूची चव येत असेल तर स्टीलऐवजी लाकडी किंवा प्लास्टिकचा चमचा, आणि आमसुलाचं सार. पेयं जेवणाच्या अध्येमध्ये द्या, जेवताना पोट पाण्याने भरू नका. उलटी झाली तर ओआरएस, एकेक घोट.

गव्हांकुराचा कच्चा रस, कच्ची मोड आलेली कडधान्यं, बाहेरची चटणी, कापून ठेवलेली फळं केमोनंतर सातव्या ते चौदाव्या दिवसात तर अजिबात नकोत; पांढऱ्या पेशी तेव्हा सर्वांत कमी असतात. ताक-दही घरचं, उकळलेल्या दुधाचं, ताजं.

वजन आठवड्यातून एकदा, त्याच काट्यावर, सकाळी. दोन किलो आधीच गेलेत. आणखी अर्धा-पाऊण किलो उतरलं तरी पुढच्या ओपीडीची वाट न पाहता आहारतज्ज्ञांना गाठा.

मावशींबद्दल. त्यांनी हे मायेने केलं आहे आणि बहिणीला उलट्या करताना पाहून हातावर हात ठेवून बसणं त्यांना जमलं नाही. "तुम्ही फसलात" म्हणालात तर त्या डब्यांच्या बाजूने उभ्या राहतील. त्यांना काम द्या. गुरुवारी त्यांनाच सोबत न्या, यकृताचा प्रश्न त्यांच्यासमोर विचारा. केमोनंतरचे पहिले पाच दिवस कढण आणि खीर त्यांच्याकडे सोपवा. न उघडलेले डबे परत घेणार का, ते कोचना लेखी विचारा. ३८ हजारांतले जे परत येतील ते औषधाला लागतील. खर्चाची ओढ असेल तर रेशन कार्ड आणि आधार घेऊन इस्पितळातल्या आरोग्यमित्रांना भेटा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाची केमो बसते, पण इस्पितळ योजनेत असायला हवं आणि मंजुरी आधी घ्यावी लागते.

ताप १००.४ फॅरनहाइटला गेला तर पॅरासिटामॉल देऊन सकाळ होण्याची वाट पाहायची नाही. पांढऱ्या पेशी पडलेल्या असताना ताप ही तातडीची गोष्ट आहे. पोचल्यापासून तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. रात्री ठाणे-बेलापूर रस्त्याने तुमच्या इस्पितळात पोचायला किती वेळ लागतो, आणि कळवा-ठाण्यात जवळचं कोणतं इस्पितळ चोवीस तास रक्त तपासून असं इंजेक्शन देऊ शकतं, हे आत्ताच ठरवून ठेवा. फाइलचे फोटो फोनमध्ये असू द्यात. डिजिटल थर्मामीटर घरात नसेल तर आज घ्या.

पुढच्या बुधवारी, केमोच्या आदल्या दिवशी सकाळी रक्त द्या: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि यकृताची तपासणी. गुरुवारच्या पिशवीत उलट्यांचा कागद, डब्यांचे फोटो, उरलेल्या गोळ्यांची पाकिटं, एक मऊ शाल आणि घरचा डबा ठेवा. निघण्याआधी दोन इडल्या किंवा मऊ भात खाऊन निघा, उपाशी नको. आणि आज रात्री आईजवळ बसाल तेव्हा केमोचा विषयच काढू नका. "गेल्या वेळी दुसऱ्या दिवशीची कॅप्सूल घेतली होतीस का गं?" एवढंच विचारा.